चिऱ्याच्या घरातली ध्वनिव्यवस्था: दोष ॲम्प्लिफायरचा, स्पीकरचा की खोलीचा, हे मोजून कसे ठरवावे?

खाडीकाठ, देवगड

नमस्कार मंडळी. आमचे घर देवगडजवळ खाडीच्या अंगाला आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या असून आतून सिमेंटचा गिलावा केलेला आहे, जमीन कोब्याची आहे आणि वर मंगळुरी कौले आहेत. माजघर १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. त्याच्या एका आखूड भिंतीशी पाच इंची वूफर (खालच्या सुरांचा पडदा) असलेले दोन लहान स्पीकर स्टँडवर ठेवले आहेत. ॲम्प्लिफायर जुन्या पद्धतीचा, वजनदार ट्रान्सफॉर्मरचा आहे. ऐकण्याची जागा म्हणजे खोलीच्या मधोमध तुळईला टांगलेला झोपाळा.

तक्रारी तीन आहेत. डावी बाजू अधूनमधून दबते. आवाज मोठा केला की ती एकदम मोकळी होते आणि नंतर लहान आवाजातही काही वेळ नीट चालते. दुसरे असे की ख्यालगायन ऐकताना डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याचा खर्ज काही ठिकाणी बेसुमार फुगतो. तिसरी तक्रार स्पीकरमधून येणाऱ्या बारीक घूं अशा आवाजाची. तो संध्याकाळी वाढल्यासारखा वाटतो.

फोनवरच्या एका ॲपने मोजून पाहिले, पण दर वेळी आलेख निराळा येतो. एका दुकानदाराने फोनवरच सगळे ऐकून घेऊन ॲम्प्लिफायर बदलण्याचा सल्ला दिला. बदलायचा असेल तर बदलीन. पण दोष नक्की कुठे आहे हे आधी मोजून पाहायचे आहे. बऱ्यापैकी मायक्रोफोन घेण्याची तयारी आहे, प्रयोगशाळेतली यंत्रे मात्र आवाक्याबाहेरची आहेत. मोजणीचा क्रम कसा ठेवावा, हे जाणकारांनी सांगावे.


जांभाचिरा, रत्नागिरी

या तीन तक्रारींची मुळे तीन निराळ्या जागी असावीत असा माझा अंदाज आहे, त्यामुळे एकाच आलेखात तिन्हींचे उत्तर शोधण्यात अर्थ नाही. खोलीत मायक्रोफोन ठेवून काढलेला आलेख ही ॲम्प्लिफायर, स्पीकर, भिंती आणि मायक्रोफोनची जागा या सगळ्यांची बेरीज असते, आणि बेरीज हाती आली म्हणून तिच्यातले आकडे सुटे करता येत नाहीत. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलेल अशी मोजणी आखावी लागते.

आधी फोन बाजूला ठेवा. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. त्यात बहुधा खालची कंपने गाळून टाकण्याची आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली करण्याची सोय असते, आणि कोणते ॲप ती सोय बंद करते व कोणते करत नाही हे बाहेरून कळत नाही. त्यातून तो झोपाळ्यावर बसून हातात धरला असेल, तर दर वेळी वेगळा आलेख आला नसता तरच नवल. यूएसबीला जोडता येणारा आणि स्वतःची कॅलिब्रेशन फाइल (त्या नगाची चूक दुरुस्त करणारे आकडे) असलेला मायक्रोफोन घ्या. मिनीडीएसपीचा यूमिक-१ बरेच जण वापरतात आणि त्याच्या प्रत्येक नगाची फाइल अनुक्रमांकावरून उतरवून घेता येते. रूम ईक्यू विझार्ड ही संगणकप्रणाली मोफत मिळते. ती खालच्या कंपनापासून वरच्या कंपनापर्यंत चढत जाणारा एकच सूर वाजवते आणि त्यावरून खोलीचा प्रतिसाद काढते. या पद्धतीची रीतसर मांडणी अँजेलो फरिना यांनी २००० साली केली. खोलीचा प्रतिसाद आणि स्पीकरची विकृती एकाच मोजणीतून वेगवेगळी मिळतात, हा तिचा मोठा फायदा आहे.

मायक्रोफोन स्टँडवर घट्ट बसवा, कशालाही हात न लावता तोच सूर तीन वेळा वाजवा आणि तिन्ही आलेख एकमेकांवर ठेवून पाहा. ते अर्ध्या डेसिबलच्या आत जुळत नसतील तर पुढच्या मोजणीला हात घालू नये; पंखा, पाण्याचा पंप किंवा पावसाळ्यातली समुद्राची गाज, काहीतरी मध्ये येत आहे असे समजावे. रात्री मोजत असाल तर काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात रातकिड्यांचा उंचवटा दिसेल. सूर जितका लांबवाल तितका हा गोंगाट मागे पडतो; लांबी दुप्पट केली की साधारण ३ डेसिबलचा लाभ होतो.

आता घुमाऱ्याविषयी. आपल्याकडच्या ३० अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो. तुमच्या खोलीची लांबी ४.५७ मीटर भरते, म्हणजे लांबीच्या दिशेची पहिली स्थिर लहर (समोरासमोरच्या भिंतींमध्ये परतत राहून काही जागी फुगणारा आणि काही जागी विरणारा सूर) ३८ हर्ट्झला आणि दुसरी ७६ हर्ट्झला पडते. रुंदीच्या दिशेला त्याच ४८ आणि ९५ हर्ट्झला येतात. चिऱ्याची जाड भिंत हलत नाही. जिप्समच्या पातळ भिंतीतून खालच्या कंपनांची बरीच ऊर्जा बाहेर निघून जाते किंवा भिंतीतच जिरते, तुमच्याकडे मात्र ती परतून खोलीतच घुमत राहते. वरच्या दिशेला उतरती आणि फटींची कौले असल्यामुळे तिथली लहर एवढी ठाशीव नसेल. आणि तुमचा झोपाळा लांबीच्या बरोबर मध्यावर आहे, जिथे ३८ हर्ट्झची लहर शून्यावर आणि ७६ हर्ट्झची लहर कमाल पातळीवर असते. तंबोऱ्याचा पुरुषी खर्ज साधारण याच परिसरात येतो. त्यामुळे फुगवट्याचा संशय मी आधी खोलीवर घेईन.

पण संशय म्हणजे निवाडा नव्हे, म्हणून स्पीकर खोलीपासून वेगळा काढून मोजावा. यासाठी डी. बी. कील यांनी १९७४ साली मांडलेली रीत फार सोयीची आहे. मायक्रोफोन वूफरच्या पडद्यासमोर, अगदी सेंटीमीटरभर अंतरावर धरायचा. इतक्या जवळून स्पीकरचा थेट आवाज एवढा प्रबळ असतो की भिंतींवरून परतणारा आवाज त्यापुढे नगण्य ठरतो. पाच इंची वूफरसाठी ही मोजणी सुमारे एक हजार हर्ट्झपर्यंत विश्वासार्ह असते. तेवढ्या जवळ पातळी फार चढते, म्हणून आवाज बेताचा ठेवा. स्पीकरच्या पाठीला किंवा पुढे हवेचे भोक असेल तर त्याचा आवाज वेगळा मोजावा लागतो. डाव्या आणि उजव्या स्पीकरचे असे आलेख एकमेकांशी जुळले आणि दोन्हींत ७६ हर्ट्झचा उंचवटा दिसला नाही, तर स्पीकर निर्दोष ठरतात.

वरच्या पट्टीची मोजणी खोलीत एक मीटरवरून करता येते, पण जमिनीवरून परतलेला आवाज मायक्रोफोनपर्यंत येण्याच्या आत मोजणी तोडावी लागते, म्हणजे त्यानंतरचा भाग संगणकात गाळावा लागतो. स्पीकर आणि मायक्रोफोन दोन्ही जमिनीपासून मीटरभर उंच असतील, तर तो परतलेला आवाज साडेतीन मिलिसेकंदांनी येतो, आणि एवढ्या वेळात मिळालेली माहिती सुमारे २८० हर्ट्झच्या वरच खरी मानता येते. याहून चांगली सोय कोकणात फुकट उपलब्ध आहे, ती म्हणजे सडा. गावाबाहेरच्या मोकळ्या कातळावर आसपास एकही भिंत नसते. प्लायवूडचा मोठा तक्ता कातळावर सपाट टाकावा, स्पीकर त्यावर ठेवून मायक्रोफोनच्या रोखाने किंचित झुकवावा आणि दोन मीटरवर मायक्रोफोन तक्त्यालाच टेकवून आडवा ठेवावा. जमिनीवरून येणारा आवाज थेट आवाजाबरोबरच पोचत असल्याने आलेख ६ डेसिबलने वर सरकतो, मात्र त्याचा आकार बिघडत नाही. अडचण फक्त वाऱ्याची. दुपारचे खारे वारे सुटले की खालची कंपने मोजता येत नाहीत. पहाटेनंतरच्या पडलेल्या वाऱ्यात काम उरकावे.


तांब्याची तार, कुडाळ

जांभाचिरा यांनी खोली आणि स्पीकर यांविषयी लिहिले आहे. मी दुरुस्तीच्या व्यवसायातला असल्याने ॲम्प्लिफायरपुरते लिहितो. दबलेली बाजू आवाज वाढवला की मोकळी होणे हे लक्षण किनाऱ्याकडच्या यंत्रांत नेहमी दिसते, आणि त्यासाठी अख्खे यंत्र बदलायला सांगणारा दुकानदार बहुधा विक्रीकडेच पाहत असतो. ॲम्प्लिफायरच्या आत स्पीकर जोडणारा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, असतो; त्याच्या संपर्कांवर खाऱ्या, दमट हवेने थर चढतो. लहान आवाजाचा क्षीण प्रवाह त्या थरातून पुरता जात नाही, मोठ्या आवाजाचा प्रवाह तो तात्पुरता भेदतो. असाच दोष आवाजाच्या बटणात किंवा मागच्या आरसीए खोबणीतही असू शकतो.

आधी काहीही न उघडता अदलाबदल करा. मागच्या बाजूला येणाऱ्या डाव्या-उजव्या वायरी एकमेकींच्या जागी लावा. दोष उजवीकडे गेला तर तो सीडी प्लेअरमध्ये किंवा वायरीत आहे. तो डावीकडेच राहिला तर वायरी पूर्ववत करून यंत्र बंद असताना स्पीकरच्या वायरी बदला. आता दोष त्याच स्पीकरमध्ये राहिला तर स्पीकर, आणि दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर ॲम्प्लिफायर. या साध्या अदलाबदलीने जेवढा उलगडा होतो, तेवढा महागड्या यंत्रानेही पुष्कळदा होत नाही.

त्यानंतर मोजणी. स्पीकर काढून प्रत्येक बाजूला ८ ओहमचा, १०० वॉटचा, तारेचा रेझिस्टर उष्णता-पंखावर (हीट सिंकवर) बसवून जोडा. १०० हर्ट्झचा अखंड सूर द्या आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. साधे मीटर मुख्यतः ५० हर्ट्झच्या विजेसाठी असतात, एक हजार हर्ट्झला त्यांतले काही चुकीचे वाचतात, म्हणून १०० सांगितले. एका बाजूला २.८३ व्होल्ट दिसतील असे बटण लावा. ८ ओहमला तो बरोबर १ वॉट होतो. मग दुसरी बाजू पाहा. दोहोंत १२ टक्क्यांचा फरक म्हणजे १ डेसिबल. बटण अगदी खाली असताना एवढा फरक बऱ्याच जुन्या यंत्रांत सापडतो आणि तो चालवून घेता येतो, पण नेहमीच्या पातळीला तो राहता कामा नये.

संगणकाच्या इनपुटला ॲम्प्लिफायरचे आउटपुट सरळ जोडू नका, साउंड कार्ड जळते. १० किलोओहम आणि १ किलोओहम यांचा विभाजक घातला की अकरावा हिस्सा आत जातो. नव्या डिजिटल ॲम्प्लिफायरांत स्पीकरची काळी खोबण भूमीला जोडलेली नसते, त्यामुळे तिथे असली जोडणी मुळीच करू नये. तसेच यंत्राचे झाकण उघडण्याचे काम सवयीच्या माणसावर सोपवा. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत भार शिल्लक राहतो.

संध्याकाळी व्होल्टेज उतरते म्हणून ॲम्प्लिफायर मरगळतो, अशी तक्रार घेऊन पुष्कळ गिऱ्हाइके येतात. २३० ऐवजी १९५ व्होल्ट मिळाले, तर ट्रान्सफॉर्मरच्या यंत्राची कमाल ताकद सुमारे २८ टक्क्यांनी घटते. ऐकायला ही घट जेमतेम दीड डेसिबल असते, आणि तीही आवाज कमाल पातळीला नेला तरच जाणवेल. घूं आवाजाचे कारण मात्र त्याच्या वर्णपटात, म्हणजे कोणते कंपन किती प्रबळ आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, पाहावे. १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटी ठळक असतील तर यंत्राच्या पॉवर सप्लायकडे, बहुधा सुकलेल्या कपॅसिटरांकडे बोट जाते. ५० आणि १५० ठळक असतील तर ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र किंवा भूमीचे वेटोळे (ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रे दोन वाटांनी भूमीला जोडली गेल्याने बनणारे वर्तुळ). या यंत्राला टीव्हीचा डिश सेट-टॉप बॉक्स जोडला आहे का, ते कळवा. तसेच चाचणीच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवा, नाहीतर चार्जरनेच नवे वेटोळे तयार होते.


खर्जसाधक, सावंतवाडी

वरील माहिती मोलाची आहे, परंतु एक शंका नोंदवतो. तंबोऱ्याच्या जवारीतला जिवंतपणा कोणत्या आलेखात दिसतो? माझ्याकडे दोन ॲम्प्लिफायर आहेत. कागदावरचे आकडे सारखेच, तरी एकावर जवारी उलगडते आणि दुसऱ्यावर ती कोमेजते. मोजमाप करणाऱ्यांनी शेवटचा कौल कानालाच द्यावा असे माझे मत आहे.


जांभाचिरा, रत्नागिरी

कौल कानालाच द्यावा, यावर माझा वाद नाही. मात्र साक्ष घेताना कानाला कोणते यंत्र वाजत आहे हे ठाऊक नसावे आणि दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवलेली असावी, एवढ्या दोन अटी हव्यात. अर्ध्या डेसिबलने मोठे वाजणारे यंत्र आपल्याला मोठे न वाटता अधिक मोकळे, अधिक जिवंत वाटते. दोन ॲम्प्लिफायरांच्या बटणांच्या खुणा सारख्या ठेवल्या म्हणून पातळी सारखी होत नाही. तांब्याची तार यांनी सांगितलेल्या मल्टिमीटरनेच स्पीकरच्या टोकांवर व्होल्ट जुळवा, घरातल्या कोणाला तरी पडद्याआड अदलाबदल करायला सांगा आणि अ, ब व क्ष असे ऐकून क्ष म्हणजे अ की ब ते ओळखा. अशा चाचणीचा स्विच डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली सविस्तर मांडला. १६ फेऱ्यांत १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर निव्वळ योगायोगाने तसे होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी उरते. आपल्याला फरक असा ओळखता आला, तर तो खराच आहे आणि मग तो आलेखात शोधण्यात मलाही रस आहे. स्पीकरांच्या बाबतीत फ्लॉइड टूल यांनी कॅनडात १९८०च्या दशकात नेमके हेच केले: पडद्याआडून मिळालेला श्रोत्यांचा कौल आणि मोजमापे शेजारी ठेवली, आणि दोन्ही बऱ्याच अंशी एकाच दिशेला गेली.


खाडीकाठ, देवगड

सर्वांचे आभार. सुचवल्याप्रमाणे मोजण्या केल्या, त्यांचे निकाल देत आहे.

वायरींच्या अदलाबदलीत दोष ॲम्प्लिफायरच्या डाव्या बाजूलाच राहिला, त्यामुळे ॲम्प्लिफायर गावातल्या माहितगार मेकॅनिककडे नेला. ८ ओहमच्या भारावर उजवीकडे २.८३ व्होल्ट असताना डावीकडे १.९ ते २.६ यांच्या दरम्यान आकडा हेलकावत होता. रिलेच्या आधी मोजले तेव्हा दोन्ही बाजू सारख्या निघाल्या. रिलेचे पारदर्शक झाकण स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने टिचकावले की डावा आकडा क्षणात वर जाई आणि थोड्या वेळाने पुन्हा घसरे.

यूमिक आणून पडद्याजवळून मोजले तेव्हा दोन्ही स्पीकर एका डेसिबलच्या आत जुळले आणि ७६ हर्ट्झला काहीही वावगे दिसले नाही. झोपाळ्याच्या जागी मात्र त्याच कंपनाला सुमारे ९ डेसिबलचा उंचवटा आहे. मायक्रोफोन मागच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर नेला आणि उंचवटा जवळपास नाहीसा झाला. खोलीतले आलेख आता एकमेकांवर तंतोतंत बसतात. मात्र झोपाळ्याच्या कड्या काढून तो माळ्यावर ठेवल्याशिवाय मोजणी स्थिर होत नव्हती, कारण वाऱ्याने त्या किरकिरत.

घूं आवाजात ५० आणि १५० हर्ट्झ ठळक आहेत. डिश बॉक्स जोडलेला आहेच. त्याची छतावरून येणारी केबल काढली की आवाज थांबतो. संध्याकाळी आणि दुपारी मोजलेल्या पातळीत फरक नाही, म्हणजे संध्याकाळी आजूबाजूला शांतता होते म्हणून तो अधिक ऐकू येत असावा.

आता प्रश्न उरला तो असा की झोपाळा हलवायला घरातून परवानगी मिळणार नाही. जागा तीच ठेवून ७६ हर्ट्झचे काय करता येईल? एकाने दोन इंची फोमच्या लाद्या भिंतीला लावण्यास सुचवले आहे.


तांब्याची तार, कुडाळ

१.९ व्होल्टचा आकडा म्हणजे संपर्कातच जवळपास ४ ओहम अडले होते. रिले सोडला तर बाकी ॲम्प्लिफायर निर्दोष आहे. रिले बदलून घ्या आणि पूर्ण बंद, हवा न शिरणारा प्रकार मागा. संपर्क पॉलिश पेपरने घासून देतो असे कोणी म्हटले तर नको म्हणा, वरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दोष दुप्पट वेगाने परततो. डिशच्या केबलमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (भूमीची जोडणी तोडून फक्त संकेत पुढे जाऊ देणारा तुकडा) घाला. आवाज थांबवण्यासाठी ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन कापण्याची युक्ती काही जण सुचवतात, ती जिवावर बेतणारी आहे. घराचे अर्थिंगही एकदा तपासून घ्या. जांभ्या कातळात खड्डा उन्हाळ्यात सुकला की त्याचा रोध फार वाढतो.


जांभाचिरा, रत्नागिरी

फोमच्या लाद्या या कामाच्या नाहीत. ७६ हर्ट्झची तरंगलांबी साडेचार मीटरच्या वर जाते, आणि तिला दोन इंचांचा थर जाणवतही नाही. त्या लाद्यांनी वरची कंपने तेवढी शोषली जातील, खोली आणखी मंद वाटेल आणि आमच्याकडच्या दमटपणात फोमला बुरशी धरेल ती वेगळीच.

जागा बदलणे शक्य नसेल तर इक्वलायझर (ठरावीक कंपनांची पातळी कमीजास्त करणारी सोय) वापरावा. रूम ईक्यू विझार्डमध्ये झोपाळ्याच्या जागचा आलेख, कसलेही गुळगुळीतकरण न लावता, उघडा आणि ७६ हर्ट्झच्या उंचवट्यावर त्याच्याएवढ्याच रुंदीचा एक अरुंद काप बसवा. ९ डेसिबलचा उंचवटा असला तरी सुरुवातीला ६ डेसिबलच कापून ऐकावे. स्थिर लहरीच्या बाबतीत काप बरोबर बसला की त्या सुराचे रेंगाळणेही आखडते. धबधब्यासारख्या दिसणाऱ्या क्षय-आलेखात कापाच्या आधीची आणि नंतरची शेपूट शेजारी ठेवून हे पडताळता येईल. ही दुरुस्ती फक्त झोपाळ्याच्या जागेपुरती आहे. मागच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर खुर्ची घेऊन बसणाऱ्याला तिथे खर्ज उणा वाटेल. मात्र ३८ हर्ट्झचा खड्डा भरून काढायला जाऊ नका. तिथे लहर शून्यावर असल्याने कितीही ताकद ओतली तरी झोपाळ्यावर काही पोचणार नाही, आणि पाच इंची वूफर विनाकारण ताणला जाईल.

रिले बदलल्यानंतरचे आलेख जपून ठेवताना त्यांच्यासोबत खोलीचे तापमान लिहून ठेवा. थंडीतल्या २० अंशांच्या सकाळी ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास असतो आणि मे महिन्यातल्या ३३ अंशांना ३५१, त्यामुळे तोच उंचवटा ७५ वरून जवळपास ७७ हर्ट्झवर सरकलेला दिसेल. काप फारच अरुंद ठेवला असेल तर उन्हाळ्यात तो किंचित चुकेल, म्हणून रुंदी थोडी सैल धरणे बरे. मायक्रोफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि जूनपूर्वी त्या पुड्या एकदा तापवून कोरड्या करून घ्या.